तारीख बघून घेतलेली बिअर

बिअर शॉपीच्या काउंटरवर माणूस आधी ब्रँड सांगतो, मग 'चिल्ड आहे ना?' असं विचारतो. बाटलीवरची भरल्याची तारीख बघणारा विरळा. रोजच्या बिअरचा निम्म्याहून जास्त निकाल मात्र त्या तारखेवर लागलेला असतो, आणि भरल्यापासून ती पेटी कुठे पडून होती यावर. किंगफिशर, लंडन पिल्सनर, हेवर्ड्स, टुबोर्ग, कार्ल्सबर्ग या सगळ्या लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या बिअर. कृतीने एकमेकींच्या जवळच्या. आपण जिला 'आपली बिअर' म्हणतो ती पुष्कळदा एका ब्रँडची नसतेच, ती ताज्या आणि बेताने थंड केलेल्या बाटलीची चव असते. आठवणीत राहतं ते लेबलवरचं नाव.

मुंबईच्या परमिट रूममध्ये 'एलपी' एवढं म्हटलं तरी लंडन पिल्सनर टेबलावर येते. पिल्सनर हा प्रकार बोहेमियातल्या पिल्झेन गावचा, १८४२ सालचा. लंडनशी त्याचा संबंध नाही, पण मुंबईशी नक्की जुळला. हलकी, कोरडी, शेवटाला जराशी कडवट. साठी ओलांडलेली माणसं हमखास सांगतात की आता पूर्वीची एलपी राहिली नाही. कृती बदलली असेलही. पण कारखान्यातून आठवड्याभरात गुत्त्यावर पोचलेली, बर्फाच्या पेटीत ठेवलेली बाटली आणि चार महिने गोदामात तापलेली बाटली यांतला फरक कृतीतल्या कुठल्याही बदलापेक्षा मोठा असतो. जीभ खोटं बोलत नसते, ती दोष फक्त चुकीच्या ठिकाणी देते.

बाटलीतली बिअर नासत नाही, शिळी होते. हे दोन वेगळे प्रकार आहेत. भरून बूच लावलेल्या बाटल्या कारखान्यात गरम पाण्याच्या फवाऱ्यांखालून हळूहळू सरकतात. आतली बिअर साधारण ६० अंशांवर काही मिनिटं राहते आणि जंतू संपतात. त्यामुळे सहा महिने ठेवली तरी ती आंबत नाही. पण भरताना आत राहिलेला किंचित ऑक्सिजन कामाला लागलेला असतो. आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, ताजा, गवताचा वास जातो. मग माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, चव मधासारखी गुळचट होते. शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तो ट्रान्स-टू-नॉनेनाल नावाच्या पदार्थाचा. लिटरमध्ये ०.१ मायक्रोग्रॅम इतका असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो.

या सगळ्याला वेग देते ती उष्णता. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी चढलं की शिळं होण्याचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांच्या गोदामात महिनाभर राहिलेली बाटली ही २० अंशांत चार ते नऊ महिने राहिलेल्या बाटलीइतकी म्हातारी. छापील मुदत दोघींची सारखीच. म्हणून माझा नेम असा: उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या आतली, थंडीत तीन महिन्यांच्या आतली, त्याहून जुनी असेल तर दुसरा ब्रँड. बाटलीवर तारीख लेबलवर असते, कॅनवर बुडाशी. बर्फाच्या पेटीत लेबल भिजून सुटलेलं असेल तर तारीखही गेली. अशी बाटली घेऊ नये. फ्रीजमधल्या पुढच्या रांगेतल्या बाटल्या सहसा सगळ्यांत जुन्या असतात, कारण शहाणा दुकानदार नवा माल मागे लावतो. मागची मागून घ्यायला लाजू नये. आणि दुकानाबाहेर फुटपाथवर, पश्चिमेच्या उन्हात पेट्यांची थप्पी दिसली तर दुकान बदलावं.

एक समजूत इथेच मोडून टाकावी. 'एकदा गार केलेली बिअर पुन्हा गरम झाली की खराब होते' असं ठामपणे सांगितलं जातं, आणि लाइट गेली की लोक फ्रीजमधल्या बाटल्यांची काळजी करतात. गार-गरम होण्याने काही बिघडत नाही. बाटलीने एकूण किती ऊब किती काळ सोसली, एवढंच मोजलं जातं. चार तासांच्या भारनियमनाने काही होत नाही. टपावर ताडपत्री टाकलेल्या ट्रकमधल्या चार दिवसांनी होतं.

उजेडाचं प्रकरण वेगळं. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर निळा-जांभळा प्रकाश पडला की त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. उग्र वास येतो, करपलेल्या रबराच्या जवळपास जाणारा. तपकिरी काच तो प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी काच फार थोडा, पांढरी जवळजवळ नाहीच. हिरव्या बाटलीतल्या महागड्या बिअरला जो 'फॉरेनचा' वास म्हणून कौतुकाने हुंगला जातो, तो पुष्कळदा हाच दोष असतो. कडक उन्हात हिरवी बाटली काही मिनिटांतही बिघडू शकते. गोव्याला किनाऱ्यावर वाळूत बाटली खोचून बसणाऱ्यांनी तपकिरी बाटली घ्यावी, नाहीतर सरळ कॅन. कॅनला उजेडाची बाधाच नाही.

आता गार करण्याबद्दल, कारण घरी सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. मे महिन्यातली ६५० मिलीची बाटली साध्या फ्रीजमध्ये पिण्याजोगी व्हायला तीन-चार तास लागतात. पाहुणे दारात असताना लोक ती फ्रीझरमध्ये टाकतात आणि विसरतात. पाच टक्क्यांची बिअर शून्याखाली दोन-तीन अंशांवर गोठायला लागते. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान ९ टक्क्यांनी वाढतं, आणि बाटलीच्या मानेत तेवढी जागा नसते. एक तर बूच उचकटतं, नाहीतर बूड सुटतं. रात्रभर फ्रीझरमध्ये पसरलेली बिअर आणि त्यात काचा, हे साफ करणं फार वाईट काम आहे. फ्रीझर वापरायचाच तर फोनवर ४५ मिनिटांचा गजर लावून.

त्यापेक्षा बादली बरी. अर्धी बादली बर्फ, तो बुडेल इतकं पाणी, दोन मुठी जाडं मीठ, एकदा ढवळायचं. नुसत्या बर्फात बाटली रोवली तर बर्फाचे खडे तिला चार ठिकाणी टेकतात आणि मध्ये हवा राहते; पाणी सगळीकडून बिलगतं, म्हणून पाणी हवंच. मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं. बाटल्या मानेपर्यंत बुडवून दर दोन-तीन मिनिटांनी जागच्या जागी फिरवल्या की १५ ते २० मिनिटांत काम होतं. कॅन त्याहून लवकर. मात्र बर्फ भरपूर असेल तर अर्ध्या तासापुढे बाटल्या आत ठेवू नयेत, त्या गोठायला लागतात.

किती गार? परमिट रूममध्ये 'एकदम चिल्ड' म्हणजे उघडताच आत बर्फाचा चुरा तरंगेल इतकी. ही बिअरची सेवा नाही. शून्याजवळच्या बिअरने जीभ बधिर होते, वास वर येत नाही, पुठ्ठाही कळत नाही आणि माल्टही. जुना माल अति गार करून खपवणं म्हणूनच सोपं असतं. माइल्ड, म्हणजे कमी अल्कोहोलची, लागर ५ ते ७ अंशांना सगळ्यांत चांगली लागते. फ्रीजमधून काढून टेबलावर पाच मिनिटं ठेवलेली बाटली त्याच्या आसपास असते. बाटलीवर दव धरलेलं असावं, पांढरं हिम नको.

ओतण्याबद्दल आपल्याकडे एक जुना हट्ट आहे: फेस आला म्हणजे वेटरला ओतता येत नाही, किंवा आपली फसवणूक झाली. म्हणून वेटरही ग्लास आडवा धरून, काठावरून धार सोडत, फेसाचा ठिपकाही न येऊ देता ग्लास भरतो. ६५० मिलीच्या बाटलीत दीड लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो ग्लासात मोकळा झाला नाही तर पोटात होतो. दुसऱ्या ग्लासाला जे पोट फुगल्यासारखं वाटतं, जेवणाची वासना मरते, त्याचं हे एक मोठं कारण. ग्लास ४५ अंशांत कलता धरून अर्धा भरायचा, मग उभा करून मधोमध ओतायचं. वर दोन बोटं फेस आला पाहिजे. तो फेस वास धरून ठेवतो आणि खालच्या बिअरला हवेपासून झाकतो. क्षणभर थांबलं की त्यातला बराच फेस बिअरच होऊन खाली बसतो, एक थेंबही कमी होत नाही.

फेस लगेच फाटून नाहीसा झाला तर मात्र ग्लास तपासावा. फेसाला माल्टमधली प्रथिनं उभं करतात, आणि तेलाचा अंश त्यांना मोडतो. खारे शेंगदाणे, भजी, तळलेला बोंबील खाल्लेली बोटं ग्लासाच्या काठाला लागली की पुरे. ग्लास पुसायचं फडकंही तेच करतं, कारण तेच फडकं टेबलावरूनही फिरलेलं असतं. ओळखायचं कसं? रिकामा ग्लास पाण्याने विसळून उलटा धरायचा. पाण्याचा पापुद्रा सलग घरंगळला तर ग्लास स्वच्छ. थेंब-थेंब होऊन चिकटून राहिला तर चिकट. भरलेल्या ग्लासात आतल्या भिंतीला बुडबुडे डकलेले दिसले तरी तेच. घरी बिअरचे ग्लास वेगळ्या घासणीने धुवावेत, उलटे टाकून आपोआप वाळू द्यावेत, ओतण्याआधी गार पाण्याने एकदा विसळावेत.

आता ग्लिसरीन. हा विषय निघाल्याशिवाय महाराष्ट्रातली बिअरची बैठक पूर्ण होत नाही. कोणीतरी पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास मागवतो, बाटलीच्या तोंडावर अंगठा धरून ती उलटी करतो, तोंड पाण्यात बुडवून अंगठा काढतो. बाटलीतून पिवळसर, तेलकट दिसणारी धार वळसे घेत ग्लासाच्या तळाशी उतरते. 'बघ, हे ग्लिसरीन. टिकायला घालतात. डोकं यानेच दुखतं.' मग ते पाणी फेकून 'शुद्ध' झालेली बिअर प्यायली जाते.

ती धार बिअरचीच असते. आंबवून झाल्यावरही बिअरमध्ये न आंबलेली थोडी साखर उरते, त्यामुळे ती पाण्यापेक्षा जड असते: लिटरला साधारण १००५ ते १०१० ग्रॅम, पाणी १००० च्या आसपास. शिवाय बाटली गार आणि ग्लासातलं पाणी कोमट, म्हणजे फरक आणखी वाढला. जड द्रव खाली उतरतो, हलकं पाणी त्याची जागा घ्यायला बाटलीत चढतं. दोन घनतांच्या सीमेवर प्रकाश वाकतो, म्हणून धार तेलकट दिसते. लिंबाच्या सरबताची बाटली उलटी केली तरी हुबेहूब अशीच धार पडते. व्हिस्कीची उलटी केली तर पडत नाही, कारण व्हिस्की पाण्याहून हलकी. आणि मुख्य गोष्ट: ग्लिसरीन पाण्यात पूर्णपणे मिसळतं. बाटलीत ते असतं तरी बिअरमधून निवडून वेगळं खाली आलं नसतं. यीस्ट साखर आंबवताना थोडं ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीनच, आपणहून तयार करतं, लिटरला दीड-दोन ग्रॅम. वाईनमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. या खटाटोपातून हाती लागते ती पाणी शिरलेली, गॅस गेलेली बिअर. ज्याला खात्री पटत नसेल त्याने एकदा सरबताचा प्रयोग घरी करून बघावा. वाद तिथेच मिटतो.

मग डोकं का दुखतं? बाटल्या मोजण्यापेक्षा अल्कोहोल मोजावं. माइल्ड म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत, स्ट्राँग म्हणजे त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत. ६५० मिली माइल्डमध्ये सुमारे ३२ मिली शुद्ध अल्कोहोल. पूर्ण ८ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये ५२ मिली. व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे २६ मिलीच्या आत. स्ट्राँगची एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग झाले, आणि ती 'बिअरच तर आहे' म्हणून अर्ध्या तासात, रिकाम्या पोटी, खारवलेल्या चखण्याबरोबर संपते. साधारण माणसाचं शरीर तासाला ७-८ ग्रॅम अल्कोहोल जिरवतं. ५२ मिली म्हणजे ४१ ग्रॅम, पाच तासांहून जास्तीचं काम. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ६५ किलोच्या माणसाने माइल्डची एकच बाटली भराभर संपवली तरी तो ती ओलांडतो. बिअर पिऊन गाडीला किल्ली लावणारा ओळखीचा असेल तर त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

स्ट्राँगचा राग नाही. भारतात सगळ्यांत जास्त तीच खपते, आणि कारण साधं आहे: दिवसभर राबलेल्या माणसाला ठरावीक पैशात लवकर परिणाम हवा असतो. हेवर्ड्स ५००० हे नाव त्यासाठीच गावोगाव पोचलं. पण चवीपुरतं बोलायचं तर स्ट्राँगला जास्तीचं अल्कोहोल बहुधा जास्त साखर आणि तांदूळ-मका घालून मिळवलेलं असतं, माल्ट त्या मानाने वाढत नाही. घशाला जो चटका लागतो तो त्याचाच. तांबडा रस्सा, झणझणीत सुकट, मिरचीचा ठेचा असलं काही पानात असेल तर स्ट्राँग घेऊच नये, कारण अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं. तिथे माइल्डच. रव्यात घोळवून तळलेला बोंबील, वर लिंबू आणि ताजी माइल्ड लागर, याहून चांगली जोडी मला माहीत नाही. मसाला पापड कांदा-टोमॅटोसकट ठीक, पण खारे दाणे हळू. मीठ तहान वाढवतं आणि तहान बिअरने भागवली जाते, बारवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. दर ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, एवढं पाळलं तरी सकाळ बरीच बरी जाते.

६५० मिलीची बाटली एकट्यासाठी नाही, असं मला नेहमी वाटतं. शेवटचा ग्लास ओतेपर्यंत ती कोमट झालेली असते. दोघांत एक, प्रत्येकी एक मोठा ग्लास आणि वर थोडी, आणि मग दुसरी गार फोडायची, हे तिचं खरं माप. एकट्याने प्यायची तर ३३० मिलीची, जिला आपण पाइंट म्हणतो. गोव्याच्या टॅव्हर्नमध्ये लहान बाटलीचीच पद्धत जास्त दिसते आणि तिथल्या दमट उन्हात ती शहाणपणाची आहे: बाटली कोमट व्हायच्या आत संपते. किंग्ज ही गोव्याची लहान बाटली कित्येक मराठी माणसांच्या आठवणीत घट्ट बसलेली असते ती याच कारणाने. ती बिअर तिथेच तयार झालेली, ताजी, लहान आणि शेवटच्या घोटापर्यंत गार असते. तीच बाटली गाडीच्या डिकीत घालून घाट चढवून आणली की ती चव येत नाही, आणि माणूस म्हणतो समुद्राची गंमत वेगळी. समुद्राचा वाटा असतोच, पण डिकीतल्या उकाड्याचाही असतो.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, देशातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून पाजणारी जागा, म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि ताजी बिअर म्हणजे काय हे पुष्कळांना पहिल्यांदा तिथे कळलं. टाकीपासून ग्लासापर्यंत काही पावलांचं अंतर. गरम पाण्याचे फवारे (पाश्चरायझेशन) नाहीत, ट्रक नाही. ज्याने अशी एकदा प्यायली त्याला बाटलीतला शिळेपणा चटकन ओळखता येतो. मात्र नळाची बिअर सगळीकडे ताजी असतेच असं नाही. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुतल्या नाहीत तर आत जंतूंचा थर बसतो आणि बिअरला आंबट, लोण्यासारखा वास येतो. पिचर मागवण्याआधी अर्धा ग्लास चाखायला मागावा. चांगली जागा कधीच नाही म्हणत नाही.

महाराष्ट्रातली बरीचशी बिअर वाळूज आणि तळोजाच्या औद्योगिक वसाहतींत तयार होते. वाळूजला पाणी जायकवाडीचं. कारखान्यात एक लिटर बिअरला साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं, त्यात बाटल्या धुण्याचा मोठा वाटा. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी जात असताना, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. ग्लास भरताना हे आठवलं की बाटली अर्धी टाकून उठवत नाही.

त्या बाटल्या पुन्हा वापरल्या जातात. हातातल्या तपकिरी बाटलीच्या खांद्यावर आणि बुडाजवळ पांढुरकी, खरबरीत वर्तुळं दिसतात. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर बाटल्या एकमेकींना घासून ती उमटतात. वर्तुळ जितकं रुंद तितक्या तिच्या फेऱ्या जास्त. प्यायली की ती भंगारवाल्याकडे, तिथून गोणीत भरून ब्रँडनिहाय निवडणाऱ्याकडे, मग परत कारखान्यात. तिथे कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात जुनं लेबल, डिंक, बुरशी सुटते, उजेडासमोर तपासणी होते, आणि नवं २१ दातांचं बूच डोक्यावर घेऊन ती पुन्हा शॉपीत. या धुण्यातून सगळं निघतं, फक्त आत कोंबलेलं सिगारेटचं थोटूक, टिश्यूचा बोळा आणि काडेपेटीच्या काड्या सहज निघत नाहीत. अशी बाटली तपासणीत बाद होते किंवा निवडणाऱ्या बाईला ती हाताने साफ करावी लागते. थोटकासाठी टेबलावर ॲशट्रे मागावा. आणि रिकाम्या बाटल्या रात्री गच्चीवर, शेताच्या बांधावर किंवा किल्ल्यावर सोडू नयेत. पोत्यात घालून खाली आणाव्यात, उभ्या, न फोडता.